माड नसलेली जागा

लग्नाला गेल्यावर बाई आधी मांडवात शिरत नसत. बाहेर लावलेल्या गाड्यांपाशी थांबत, पर्स माझ्या हातात देत, निऱ्या उचलून धरत आणि एकेका गाडीखाली वाकून बघत. मग हात झटकून निकाल देत, "पोट खाली आहे हिचं." निकाल गाडीबद्दल असे, पण त्याच वेळी शेजारून मुलीकडची एखादी मावशी जात असली, तर पुढे पंगतीत ती आमच्याकडे बघत नसे.

एखाद्या गाडीखाली बाईंची उभी वीत मावली, तर मात्र त्या मालकाला शोधून काढून त्याचं मनापासून अभिनंदन करत. गाडी कुठे कुठे नेली ते विचारत. बहुतेक वेळा ती पुण्याहून आलेली असे आणि पुण्यालाच परत जाणार असे. बाईंना त्याचं वाईट वाटे.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. रत्नागिरीत आमची घरंही एकाच गल्लीत, मधे गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा. त्यांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. शाळेत बाई, बाजारात बाई, घरी यजमान 'अगं' म्हणत आणि सासूबाई काहीच म्हणत नसत.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो. आजी आणि बाई एकमेकींशी बोलत, पण सरळ नाही. आजी यजमानांना म्हणायच्या, "तिला म्हणावं, आमटीत मीठ पडलेलं दिसत नाही." बाई त्यांनाच म्हणायच्या, "आईंना सांगा, डॉक्टरांनी कमी सांगितलंय." यजमान बँकेतून निवृत्त झालेले, आंब्याची बाग सांभाळणारे सौम्य गृहस्थ. ते दोन्हीकडचे निरोप ऐकून घेत आणि कुणालाच पोचवत नसत. त्यामुळे घर व्यवस्थित चाललं होतं. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेलच.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ जड होतं म्हणून ते उचलून मी त्यांच्या घरापर्यंत गेलो. आजी पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी शाल बघितली नाही, घड्याळ बघितलं नाही. नारळाकडे बघून म्हणाल्या, "आणखी एक."

त्यांच्या परसात माडच माड. आजी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी झावळ्या ओढल्या, हीर काढून केरसुण्या बांधल्या, नारळाची सोडणं वाळवली, खोबरं उन्हात घालून कावळे हाकले. परसात नारळ पडला की आवाजावरून कुठल्या माडाचा ते सांगत. एवढ्या वर्षांत त्या रत्नागिरीबाहेर गेल्या होत्या त्या एकदा मुंबईला, धाकट्या मुलाकडे. तिथे खिडकीतून माड दिसायचा.

नारळ बाजूला ठेवून त्या बाईंकडे वळल्या आणि मधे कुणालाही न घेता सरळ म्हणाल्या, "अगो, जिथे उभं राहिलं की चहूकडे एकही माड दिसणार नाही, अशा जागी मला एकदा ने."

यजमानांनी वेळ बघावी तसं घड्याळाकडे बघितलं. ते अजून खोक्यात होतं.

पुढे एकदा गडग्यावरून मी बाईंना विचारलं, "तुम्ही एवढं मनावर कशाला घेतलंत?"

बाई म्हणाल्या, "सर, त्यांनी मागितलं. लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. सूचना केल्या होत्या."

*

आजींच्या अटी होत्या. बाहेरचं खाणार नाही, परक्याच्या संडासात जाणार नाही आणि दुसऱ्याच्या अंथरुणावर पडणार नाही. देशातलं एकही हॉटेल या अटींत बसत नव्हतं. शिवाय बाईंचं म्हणणं असं, की हॉटेल आलं की दारात शोभेचा माड येतो. "जिथे डांबर संपतं तिथे शोभा संपते, सर. आपल्याला त्याच्या पुढे जायला हवं." म्हणजे घर बरोबर न्यायचं आणि डांबराच्या पुढे न्यायचं. नकाशावर बाईंचं बोट कच्छच्या रणाशी थांबलं.

या प्रकाराला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. बाई त्याला बिऱ्हाड म्हणत. मोबाइलवर दाढीवाली तरुण मुलं डोंगरात गाडी नेऊन, मागचं दार उघडून, तिथेच ऑम्लेट करून खाताना दिसत. बाईंनी ते सगळं बारकाईने बघितलं आणि ऑम्लेट सोडून बाकीचं शिकून घेतलं.

गाडी घरची होती. सात माणसांची, डिझेलची, एके काळी पांढरी. उन्हाळ्यात तिच्यातून आंब्याच्या पेट्या जायच्या, गणपतीत मुंबईची माणसं स्टेशनवरून यायची, आणि मधल्या दिवसांत आजींचे गुडघे डॉक्टरकडे जायचे. चालवायच्या बाईच. यजमानांकडे लायसन होतं, पण घाटात स्वतः चालवतानाही त्यांना मळमळायचं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. बाईंबरोबर मीही गेलो. मिस्त्री म्हणाले, "बाई, ही तुमची आंब्याची गाडी. हिला वर कशाला घ्यायची?"

"दगडाला लागू नये म्हणून."

"कुठल्या दगडाला?"

"अजून बघितला नाही."

मिस्त्रींनी पुढे विचारलं नाही. त्यांनी स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवली, शॉकअप बदलले, खोल खाचांचे टायर चढवले आणि इंजिनाखाली जाड पत्रा बसवला. गाडी वर गेली. बाईंची उभी वीत खाली मावून वर चार बोटं उरली. बाई समाधानाने दोनदा वाकल्या. मग आजींना आणलं. आजींनी जेवढा उचलता येत होता तेवढा पाय उचलला, आणि तो दाराच्या खालीच हवेत थांबला.

"पोट वर गेलं," आजी म्हणाल्या, "मी खालीच राहिले."

मग पाट ठेवून बघितला. पाटावर पाट ठेवून बघितला. मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टूल नेलं, ते डगमगलं. शेवटी मिस्त्रींनी लोखंडाची घडीची शिडी केली, दोन रुंद पायऱ्यांची, आणि दाराच्या आत जुन्या बसचा दांडा बसवला. आजींनी दांडा धरला, चढल्या, आत बसल्या, आणि उतरायला नाही म्हणाल्या. "आता चढलेय ती चढलेय." त्या दिवशी त्यांचं जेवण गॅरेजमध्ये न्यावं लागलं. मिस्त्री खाली उभे राहून त्यांना लोणचं वाढत होते.

मागच्या जागा काढायच्या तर कागदोपत्री बदल हवा, म्हणून बाई आरटीओच्या कचेरीत गेल्या. रत्नागिरीत आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला कुठल्याही कचेरीत विद्यार्थी भेटतो. त्याचा उपयोग होतोच असं नाही. विद्यार्थी खुर्चीतून उठला, नमस्कार केला, बसा म्हणाला, आणि नियमाप्रमाणे सगळं करायला लावलं. बाईंना त्याचा अभिमान वाटला. सात माणसांची गाडी कागदावर चौघांची झाली.

यजमानांनी तो कागद बराच वेळ बघितला. "म्हणजे गणपतीला बाकीच्यांनी काय करायचं?"

"रिक्षा आहेत."

"आणि पेट्या?"

"मार्चच्या आत परत येते. पलंग काढता येतो."

पलंगाचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर मुलांना फुलदाणी काढायला शिकवलं होतं. मोरी कधी काढली नव्हती. तरी प्लायवूडचा पलंग झाला, त्याच्याखाली पाण्याची टाकी आणि नळ झाला, मागचं दार उघडलं की बाहेर सरकणारा स्वयंपाकाचा खण झाला. घडीची कमोडची खुर्ची झाली. तिला झाकण लावलं की ती साधी खुर्ची व्हायची, आणि आजी तिला साधी खुर्चीच म्हणायच्या.

खण बघायला आजी आल्या. त्यांनी तो ओढला, आत बघितलं आणि यजमानांना म्हणाल्या, "तिला विचार, हा कोणाचा?"

मला चूक कळली. इतकी वर्षं मोठ्या स्वयंपाकघरात जे दोघींना जमलं नव्हतं, ते मी दोन हात लांबीच्या खणात बसवायला निघालो होतो. मी घरी जाऊन नकाशा खोडला आणि दोन खण काढले. डावा आजींचा, उजवा बाईंचा. दोन मिसळणाचे डबे, दोन पळ्या, दोन विळ्या. शेगडी एकच, मधे. ती कुणाची हे मी ठरवलं नाही.

मुंबईहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांचा आवाज पडवीभर ऐकू यायचा. "वहिनी, या वयात आईला वाळवंटात नेणार? लोक काय म्हणतील?"

आजींनी फोन मागून घेतला. "अरे, तू ने मग."

 दीर म्हणाले, "रजा नाही गं."

"बरं," म्हणून आजींनी फोन परत दिला.

*

निघण्याआधी एक चाचणी झाली. देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीकडे कच्चा रस्ता जातो. मधे एक पऱ्या लागतो, म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि एरवी नुसते गोटे. बाई चालवत होत्या, शेजारी यजमान, मागे पलंगावर दांडा धरून आजी आणि मी. गाडी गोट्यांत उतरली तेव्हा मी डोळे मिटले. खालून खडखड आवाज आला, पत्र्याला एक दगड लागला, आणि बाई आनंदाने म्हणाल्या, "लागला! पत्र्यालाच लागला!" मिस्त्रींनी विचारलेला दगड त्यांना अखेर भेटला होता.

पलीकडच्या काठावर गाडी थांबली. बाईंनी मागे वळून विचारलं, "आई, त्रास झाला का?"

"मला नाही," आजी म्हणाल्या. "त्याला बघ."

यजमान दार उघडून एका झाडामागे गेले होते.

जेवायच्या वेळी कळलं, की टाकीचा नळ धक्क्याने सैल झाला आणि तांदूळ, पोहे, दोघींची पिठं, सगळं एकाच पाण्यात भिजलं. दोन खणांचा काही उपयोग झाला नव्हता. आम्ही केळी खाल्ली. येताना यजमान घाटात मागे आडवे पडून आलेपाक चघळत होते. पलंगाबाहेर त्यांचे पाय लोंबत होते.

दत्तजयंती झाल्यावर दोघीच निघाल्या. वर कॅरिअरला पाण्याचे कॅन, फावडं आणि चाकांखाली घालायच्या फळ्या बांधलेल्या. आत आजींनी एक गोणी ठेवून घेतली होती. तिच्यात नारळ होते.

"आई, नारळ कशाला?" यजमानांनी विचारलं.

"तिकडे नसणार ना," आजी म्हणाल्या. "आमटीत काय घालू?"

*

रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. यजमान तो स्पीकरवर ठेवायचे आणि मी गडगा ओलांडून ऐकायला जायचो. बाई जागेचं नाव सांगत, डिझेल कुठे घेतलं ते सांगत, मग मागून आजींचा आवाज येई, "सांग त्याला, इथे आहे."

घाट चढून गेल्यावर कराडला होता. पुण्याच्या अलीकडे पुष्कळ होते. नगर जिल्ह्यात एका पेट्रोल पंपावर एकच होता, खुजा, पण माडच. पुढे एका ढाब्यासमोर हिरव्या दिव्यांचा प्लास्टिकचा होता, आणि तो धरायचा की नाही यावरून गाडी तिथे अर्धा तास उभी होती. बाईंचं म्हणणं, नाही. आजींनी निकाल दिला, "धरायचा. मला दिसला."

गुजरातमध्ये एका नाक्यावर पोलिसाने उंच गाडी, वर बांधलेलं सामान आणि स्टिअरिंगवर नऊवारीच्या वयाच्या जवळ आलेल्या सहावारीतल्या बाई बघून गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "पीछे क्या माल है?"

"सासूबाई," बाई म्हणाल्या.

त्याने दार उघडलं. आजींनी त्याला खोबऱ्याची वडी दिली आणि पुढे माड आहेत का ते मराठीतून विचारलं. त्याने वडी खाल्ली आणि दार लावलं.

मग एका संध्याकाळी फोन आला नाही.

यजमानांनी फोन लावला. लागला नाही. पडवीतला दिवा लावला, परत लावून बघितला. मी म्हटलं, "रेंज नसेल." ते म्हणाले, "नसेलच." मग ते उठून अंगणात गेले, आणि गाडी उभी असायची त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिले. तिथे जमिनीवर तेलाचा डाग होता. त्याला ओलांडायचे, परत यायचे.

मुंबईहून दिरांचा फोन आला. त्यांनाही लागत नव्हता. "तरी मी सांगत होतो," ते म्हणाले. "दोन बायका, त्यातली एक ऐंशीची. आईला काही झालं तर जबाबदार कोण? वहिनींना काय, हौस!"

यजमानांना मी कधी कुणावर आवाज चढवलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाले, "आईबरोबर ती आहे. तू नाहीस, मी नाही. ती आहे. आता फोन ठेव, लाइन मोकळी राहू दे."

मग ते पायरीवर बसले. मीही बसलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. "आहोत," त्या म्हणाल्या. "गाडी रुतली होती. आई बऱ्या आहेत. चहा पितायत." यजमान "बरं" म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि मोरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

*

काय झालं ते बाईंनी परत आल्यावर सांगितलं, गडग्याच्या पलीकडे उभं राहून, धुतलेल्या फळ्या उन्हात वाळत टाकता टाकता.

कच्छच्या रणात मिठागरांच्या बाजूने एक वाट आत जात होती. बाईंनी डांबर सोडलं. दूरवर पांढरं सपाट. वाट संपली तरी पुढे जमीन टणक दिसत होती, म्हणून त्या आणखी पुढे गेल्या.

"खारजमिनीचा वरचा थर फसवा असतो, खाली चिखल असतो," बाई म्हणाल्या. "मीच शिकवायचे, सर. परीक्षेत यायचं."

"मग?"

"मग काय, नापास."

चाकं बुडाली. एवढं वर घेतलेलं पोट जमिनीला टेकलं. इंजिन बंद केल्यावर काहीच ऐकू येईना. मागून आजींनी विचारलं, "आलो का?"

"नाही आई. रुतलो."

"माड दिसत नाही एकही."

"नाही."

"मग आलो," आजी म्हणाल्या. "उतरव मला."

गाडी खाली बसल्यामुळे शिडी लागलीच नाही. बाईंनी कमोडची खुर्ची झाकण लावून बाहेर मांडली, आजींना तिच्यावर बसवलं, हातात छत्री दिली. आजींनी समोर बघितलं. मग म्हणाल्या, "फिरव." बाईंनी खुर्ची थोडी फिरवली. आजींनी बघितलं. "फिरव." असं करत चारी दिशा झाल्या. सगळीकडे पांढरं आणि वर आभाळ.

मग बाईंनी फावडं घेतलं. टायरमधली हवा कमी केली, चाकांपुढचा चिखल काढला, फळ्या घातल्या. चाक फिरलं, एक फळी मोडली, गाडी आणखी खाली गेली. परत खणलं. फोनला रेंज नव्हती. पाणी होतं, खायला होतं, पण आजींना रक्तदाबाचा त्रास होता, थंडी पडणार होती, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. बाई चाकाला टेकून खाली बसल्या.

"रडले," बाई म्हणाल्या. "मोठ्याने. तिथे ऐकणारं कुणी नव्हतं, आई सोडून."

आजी खुर्चीतून एकट्या उठल्या. गाडीला धरून धरून मागे गेल्या. त्यांचा स्वतःचा खण गाडी कलल्यामुळे अडकला होता. त्यांनी बाईंचा उघडला. तो त्यांनी तोपर्यंत कधी उघडला नव्हता. आतून पातेलं शोधून काढलं, शेगडी पेटवली, आणि चहा केला. एक कप आणून बाईंपुढे धरला.

"इतक्या वर्षांत त्यांनी मला करून दिलेला पहिला चहा," बाई म्हणाल्या. "साखर नव्हती त्यात. माझ्या खणात साखर कुठे असते ते त्यांना माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही. चांगला झाला होता."

बाईंनी एक फळी उलटी केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आई म्हणाल्या, 'इथे कुणी हाक मारत नाही गो. जन्मभर कुणी ना कुणी हाक मारतंय. मी पण तुला आज मारणार नाही. बस तू.' मग आम्ही बसलो. अंधार होईपर्यंत बसलो. काही बोललो नाही. बोलायला मधे हे नव्हते ना."

रात्री त्या कललेल्या गाडीत झोपल्या. आजी झोपेत सारख्या बाईंच्या अंगावर घरंगळत होत्या आणि शेवटी तशाच राहिल्या. सकाळी मिठागरातला एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला, आणि गाडी आवाज करत बाहेर आली. त्याला आजींनी भात आणि आमटी वाढली. तो खोबरं बघून खूश झाला. मग टणक जागा बघून दोघी आणखी दोन दिवस राहिल्या, कारण आजी निघायला तयार नव्हत्या.

मार्चच्या आत गाडी परत आली. पलंग निघाला, पेट्या गेल्या, मग पलंग परत बसला. आजींना भेटायला लोक यायचे. विचारायचे, "काय बघितलंत, आजी?"

"काही नाही," आजी म्हणायच्या. "तेच बघायला गेलो होतो."

घरात एक फरक पडला. आजी बाईंना सरळ सांगू लागल्या, "आमटीत मीठ नाही." आणि बाई सरळ सांगू लागल्या, "मिळणार नाही." यजमानांना जेवताना करण्यासारखं काही उरलं नाही. ते थोडे जाड झाले.

*

पुढल्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी आजी गेल्या. दुपारच्या जेवणानंतर पडल्या त्या उठल्या नाहीत. मुंबईची सगळी माणसं आली. दिवसकार्य झालं. बाईंनी सगळ्यांचं सगळं केलं. मग माणसं गेली, आणि बाई पडवीत बसायला लागल्या. त्यांना कधी नुसतं बसलेलं मी बघितलं नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतर आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. बाई गाडीतून उतरून सरळ मांडवात गेल्या. मी पर्स घ्यायला हात पुढे केला होता. तो मागे घेतला.

दीर जाताना सांगून गेले होते, की आता मागच्या जागा परत बसवून घ्याव्यात. पुढच्या गणपतीला मंडळी मावायला हवीत. बाई म्हणाल्या, "बसवा." यजमान म्हणाले, "मी नेऊन देतो गाडी," आणि खरोखरच स्वतः चालवत मिरजोळ्याला घेऊन गेले. संध्याकाळी रिक्षाने परत आले. चेहरा पांढरा पडला होता.

गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली. बाईंनी विचारलं नाही. मी बाजारातून येताना मिस्त्रींकडे डोकावलो आणि विचारलं, "जागा बसवल्या का?"

"कसल्या जागा?" मिस्त्री म्हणाले. "साहेब आले, गाडीत शिरले, पलंगावर आडवे झाले. बराच वेळ पडून होते. मला वाटलं, बरं वाटत नाही त्यांना. मग आतून म्हणाले, 'मिस्त्री, माझे पाय सरळ होत नाहीत. हा लांब करा.'"

पलंग लांब झाला. गाडी घरी आली. बाईंनी मागचं दार उघडलं, बघितलं, बंद केलं. यजमान झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपरच्या मागून म्हणाले, "गोळ्या घेतल्यात मी मळमळीच्या. भरपूर घेतल्यात."

मार्गशीर्षात दोघं निघाली. कुठे, म्हणून मी विचारलं. बाई म्हणाल्या, "वर." भूगोलाच्या बाईंनी एवढंच सांगावं याचं मला आश्चर्य वाटलं. बागेचं या वर्षी पुतण्या बघणार होता. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. तुळशीला पाणी आणि संध्याकाळी पडवीत दिवा, एवढं काम. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. यजमान उतरले. मला वाटलं, झालं, परत आले. ते चालत चालत माझ्या समोरून गेले, फाटकाची कडी एकदा ओढून बघितली, मला म्हणाले, "लागलंय," आणि तसेच चालत परत गेले. बाई दार उघडून धरून वाट बघत होत्या.

अजून आलेली नाहीत. आंबा झाला, पाऊस पडून गेला. मी दिवा लावतो. त्या अंगणातला तेलाचा डाग आता पुसट झालाय.

काल संध्याकाळी मी फोन लावला. लागेलसं वाटत नव्हतं, पण लागला. पलीकडे पाण्याचा मोठा आवाज होता.

"कुठे आहात, बाई?"

"कुणीतरी नाव सांगितलं होतं, सर, विसरले," बाई ओरडून म्हणाल्या. "नदी आहे. हे पाण्यात पाय सोडून बसलेत. कसलं थंड पाणी, काय सांगू!"

लांबून यजमानांचा आवाज आला, "कोणाचा गं फोन?"

बाईंनी बहुधा तोंड फिरवलं असावं, कारण आवाज थोडा बारीक झाला. पण मला नीट ऐकू आलं.

"घरून आहे," त्या म्हणाल्या.